दोन-चारच्या हाताचा माऊस

सुनेचा हात दुखायला लागला आणि माझी खाट घरातून जायची वेळ आली. ह्याचा त्याच्याशी काय संबंध, ते सांगतो.

आमचं घर शांती नगरात, तिसऱ्या माळ्यावर. हॉल, एक बेडरूम, किचन. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. माझे गुडघे गेलेले. खाली उतरतो कसातरी, पण वर चढताना प्रत्येक माळ्यावर थांबून भिंत धरावी लागते, म्हणून उतरतच नाही. मुलगा रात्रपाळी करतो. सकाळी येतो, दोन घास खातो आणि बेडरूमचं दार लावून झोपतो. सून घरूनच ऑफिसचं काम करते. लोकांनी दवाखान्याची बिलं पाठवलेली असतात ती तपासायची, असं काहीतरी. हॉलमध्ये सेटीवर बसते, टीपॉयवर लॅपटॉप ठेवते, कानाला ते लावते आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू. बोलणं थांबलं की माऊसची टकटक. टकटक थांबली की बोलणं.

मी समोर खिडकीखाली खाटेवर. टीव्ही लावायचा नाही. खोकला आला तर उशीत तोंड घालायचं. संडासला जायचं तर तिच्या पाठीमागून जावं लागतं, आणि पाठीमागून गेलं की माणूस तिच्या कॅमेऱ्यात येतो. एकदा मी बनियनवर गेलो. तिकडे कोण साहेबलोक बसलेले त्यांनी मला बघितलं, आणि कोणीतरी हसलं. सुनेचे कान लाल झाले. तेव्हापासून मीटिंग चालू असली की मी दाबून बसतो. म्हातारपणी माणसाला काय काय दाबायला लागतं, ते कोणी सांगत नाही आधी.

गावाला जा म्हणणारे आहेत. रत्नागिरीकडे आमचा घराचा वाटा आहे, म्हणजे एक खोली आणि अर्धी पडवी. पण तिकडे जाऊन चूल कोण पेटवणार? मला चहाच्या पुढे काही येत नाही. जन्मभर भाईंदरच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारलं. घरी आलो की ताट समोर. ती वाढायची, मी जेवायचो. तेवढंच शिकलो.

ती म्हणजे माझी बायको. गेली.

ही खाट तिची. खारी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मीच बनवून घेतली होती, लोखंडी, एका माणसाची. शेवटी शेवटी तिच्या छातीत पाणी भरायचं. आडवी पडली की दम लागायचा, मग भिंतीला टेकून बसून झोपायची. मी खाली सतरंजीवर. रात्री तिचा हात खाली लोंबायचा, तो माझ्या अंगाला लागला की मला कळायचं की अजून आहे. डोकं टेकून टेकून भिंतीवर तेलाचा डाग पडलाय. मुलगा म्हणाला रंग मारू, मी म्हटलं हात लावायचा नाही. ती गेल्यावर मी त्या खाटेवर झोपायला लागलो. तिथे मला झोप लागते. दुसरीकडे लागत नाही. गणपतीत मेव्हण्याकडे गेलो होतो, तिथे सगळी रात्र पंख्याकडे बघत काढली. एवढंच आहे त्या खाटेचं. भंगारात घातली तर लोखंडाचे काय येतील तेवढेच येतील.

तर सुनेचं उजवं मनगट दुखायला लागलं. आधी बाम, मग पट्टा, मग डॉक्टर. डॉक्टरने सांगितलं की टीपॉय फार खाली आहे, हात लोंबकळतो. नीट उंचीचं टेबल घ्या, आणि माऊस बदला, हाताला बरा पडेल असा.

रविवारी जेवताना मुलाने विषय काढला. टेबल आणायचं, ते खिडकीखालीच बसेल कारण उजेड तिथे आहे, प्लगही तिथे आहे. पुढचं वाक्य तो भाताकडे बघत बोलला. खाट काढावी लागेल. सेटी उघडली की पलंग होतो, बाबांना त्यावर चांगलं पडता येईल. पुढच्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय.

मी घास खाली ठेवला. ओरडलो नाही. म्हटलं, डॉक्टरने दोन गोष्टी सांगितल्या ना? मग आधी माऊस बदला. त्याने भागलं तर टेबल कशाला?

मुलगा हसला. "बाबा, तुम्हाला माऊसमधलं काय कळतं?"

"माऊसमधलं नाही कळत. हातातलं कळतं. मी आणतो."

सुनेने माझ्याकडे बघितलं. नको म्हणाली नाही. माझी बाजू घेतेय की माझी कीव करतेय, ते मला कळलं नाही.

आता माऊस आणायचा तर हाताच्या मापाचा पाहिजे, हे मला अडाण्यालासुद्धा दिसत होतं. घरातला जुना माऊस साबणाच्या वडीएवढा चपटा, सुनेचा तळवा त्यावर अधांतरी राहायचा. पण तिचा हात घेऊन दुकानात कसा जाऊ? मी आणतो म्हणून बसलो होतो, आता तिला चल कसं म्हणू? आणि सुनेचा हात हातात घेऊन मी माप काढू, हे आमच्यात बसत नाही.

मग मला बांगडी सुचली. आमच्याकडे कोणाला बांगड्या भरायच्या असल्या आणि ती बाई घरी नसली, तर तिची जुनी बांगडी नेतात मापाला. कासार ती बांगडी नुसती हातात धरून सांगतो. सून बांगड्या घालत नाही, घड्याळ घालते. पण सणासुदीला घालायची, आणि तेव्हा सासूच्याच घ्यायची. दोघींच्या हाताला दोन-चारच्या मापाचीच लागायची. माझी बायको ह्यावरून खुश असायची. सगळ्यांना सांगायची, सून आणली ती माझ्या मापाची आणली. मी म्हणायचो, जिभेचं माप वेगळं आहे बरं, ती गप्प असते. त्यावर ती माझ्या अंगावर जे हातात असेल ते फेकायची.

ती माझ्या आधी गेली, म्हणून हिरवा चुडा भरूनच गेली. उरलेल्या बांगड्या डब्यात होत्या. त्यातली एक मी त्याच संध्याकाळी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि जिना उतरलो.

मेन रोडच्या आत कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. दुकानदार अर्ध्या टकलाचा, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा. मला म्हणाला, काका, मोबाइल का रिचार्ज बाजू में. मी म्हटलं रिचार्ज नाही पाहिजे, माऊस पाहिजे. मग रुमाल सोडून बांगडी काचेवर ठेवली.

"ये क्या है?"

"मेरा बहू का हाथ का माप है. इसके हिसाब से दिखाओ."

तो हसला. मग बांगडी उचलली, उजेडाला धरली आणि हसायचा थांबला. दो-चार आहे ना, म्हणाला. त्याच्या बायकोचीपण तीच. मग त्याने एकेक डबा काढायला सुरुवात केली. एक मोठा, कासवासारखा फुगलेला. एक उभा, त्याला धरलं की आपण कोणाशी हात मिळवतोय असं वाटावं. एक असा की त्याच्या अंगात मोठी गोळी बसवलेली. माऊस जागच्या जागी राहतो आणि अंगठ्याने नुसती गोळी फिरवायची, तो म्हणाला, ये हिलता नहीं. मला तो सगळ्यात बिनकामाचा वाटला. न हलणारा माऊस काय कामाचा? शेवटी एक लहानसा दाखवला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा.

मी प्रत्येकावर बांगडी धरून बघितली. कासव बांगडीच्या बाहेर. उभा तर बाहेरच बाहेर. गोळीवाला बाहेर. लहान तेवढा बांगडीच्या आत बरोबर बसला, जसा काही तिच्यासाठीच केलेला. दुकानदार म्हणाला, काका, हा प्रवासातला आहे, दिवसभर चालवायचा नाही. मी म्हटलं, मापात बसतोय ना, मग झालं. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं माप. त्यावर दुकानदार काय बोलणार?

सून खुश झाली. निदान तसं दाखवलं. हलका आहे, म्हणाली, छान आहे बाबा. मी सोमवार-मंगळवार खाटेवर राजासारखा बसलो. टकटकसुद्धा बारीक झालेली. म्हटलं, सुटलो.

बुधवारी तिने कुकरचं झाकण डाव्या हाताने काढलं. काढता काढता ते तिच्या हातून ओट्यावर पडलं. मी पाणी प्यायला आत गेलो होतो. ती उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती, कात्रीचं पातं उघडावं तशी. मला बघून हात पदरात घ्यावा तसा ओढणीत घेतला. काही नाही बाबा, जरा आखडलाय.

मी बाहेर येऊन बसलो. ती पुन्हा कामाला बसली तेव्हा मी तिच्या हाताकडे नीट बघितलं. त्या चिमुकल्या माऊसवर तिची पाचही बोटं गोळा झालेली, अंगठा आत, पेरं वर आलेली. असा हात मी कुठे बघितलाय ते मला लगेच आठवलं. गावाला कासार आला की बायका असाच हात पुढे करायच्या. तो अंगठा आत दुमडायचा, साबणाचं पाणी लावायचा, पेरं दाबून दाबून बांगडी वर सरकवायचा. माझी बायको तेवढा वेळ डोळे घट्ट मिटायची. चढली की हात उघडायची, झटकायची.

म्हणजे बांगडीचं माप हे दाबलेल्या हाताचं माप. हात मोकळा ठेवला तर त्या मापात तो कधीच बसणार नाही. जन्मभर घरात बांगड्यांचा आवाज ऐकला आणि एवढं मला कळलं नाही. मी सुनेला आवळलेल्या हाताचा माऊस आणून दिला होता, आणि ती दोन-अडीच दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बांगडी चढत असावी तसा हात करून बसली होती. का, तर म्हाताऱ्याला वाईट वाटू नये.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, जुना माऊस काढ, हा फेक. आणि रविवारी येऊ दे भंगारवाला.

तिने कानातलं काढून टीपॉयवर ठेवलं. ही मुलगी कमी बोलते. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्या तोंडून लांब वाक्य ऐकलं असेल तर ते फोनवर, इंग्रजीत. त्या दिवशी मराठीत बोलली.

"मला खाट नाही काढायचीय बाबा. आई मला तिथे पाय चेपायला बसवायच्या, गोष्टी सांगायच्या. माझी पण ती खाट आहे. पण मी कुठे बसू ते तुम्ही सांगा. ह्या घरात मला कुठे जागा आहे ते दाखवा, मी तिथे बसते."

मी हॉल बघितला. सेटी, टीपॉय, फ्रीज, देव्हारा, शिलाई मशीन, खाट. किचनमध्ये एका वेळी एक माणूस. बेडरूममध्ये मुलगा झोपलेला. मला वाटायचं ह्या घरात मी एकटाच कोंडलोय. ती तर माझ्यासारखी खिडकीतसुद्धा बसत नव्हती. खिडकी माझ्याकडे होती.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "तुझा हात घेऊन चल."

"आता? माझं दोनला चालू होतं."

"मग चप्पल घाल लवकर."

ती उतरली. जिन्यात माझा दंड धरला तिने, डाव्या हाताने. खाली आल्यावर उन्हात उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरला. किती दिवसांनी खाली आलीस विचारलं तर म्हणाली, भाजीपण आता वरच येते ना. मग दोघं चाललो. मी हळू, आणि ती माझ्यामुळे हळू. रस्त्यात काही बोलणं झालं नाही. बायको असती तर ह्या दुकानात काय मिळतं, त्या दुकानात कोण बसतं, सगळं सांगत चालली असती.

दुकानदाराने आम्हाला बघितलं. "काका, आज चूड़ी नहीं लाए?"

"आज हाथ ही लाया," मी म्हटलं.

सुनेला बांगडीचं काहीच ठाऊक नव्हतं. दुकानदाराने सगळं रंगवून सांगितलं, मी कसा प्रत्येक माऊसवर बांगडी धरून बघत होतो ते. मला वाटलं ती ओशाळेल. ती हसली. आधी तोंड दाबून, मग मोकळी. बायको गेल्यापासून आमच्या घरातलं कोणी असं हसलेलं मी ऐकलं नव्हतं. मग तिने विचारलं, कोणाची बांगडी नेली होती? मी म्हटलं, तुझ्या सासूची. मग ती हसायची थांबली आणि काचेकडे बघत राहिली.

दुकानदाराने पुन्हा सगळे माऊस मांडले. पकडायचं नाही, म्हणाला, नुसता हात ठेवायचा, झोपवायचा, आणि बघायचं कुठे दुखतं. कासवावर ठेवला, तर बोटं टोकाला पोचेनात. उभ्यावर ठेवला, मनगटाला बरं वाटलं, पण इकडून तिकडे सरकवताना खांदा ओढायला लागला. गोळीवाल्यावर तिने हात ठेवला आणि अंगठ्याने गोळी फिरवली. हात जागचा हलला नाही. पुन्हा फिरवली. मग तिने तो माऊस काचेवरून उचलून छातीशी धरलेल्या पर्सवर ठेवला, तिथेपण चालवला. दुकानाच्या स्क्रीनवरचा बाण बरोबर फिरत होता.

"बाबा," ती म्हणाली, "ह्याला जागाच लागत नाही."

मी ज्याला बिनकामाचा म्हटलं होतं तोच तो. लहान परत देऊन वरचे पैसे दिले. दुकानदाराने परत घ्यायला खळखळ केली नाही. बहुतेक बांगडीची गोष्ट त्याला पुढे कोणाकोणाला सांगायची असणार.

वर चढताना दुसऱ्या माळ्यावर मी भिंत धरून थांबलो. तीपण थांबली, दोन वाजत आले होते तरी. मी विचारलं, मग टेबल? ती म्हणाली, टेबल नको. उंच बसून, हात बाजूला ठेवून होतंय का बघते. यांना मी सांगते. मी पुढचं काही विचारलं नाही. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, जास्त बोलून मोडायचं कशाला?

रविवारी भंगारवाला आला, मुलाने त्याला रद्दी देऊन पाठवला. खाट वाचली.

पण माझं डोकं किती चालतं ते बघा. ती उंच बसणार म्हणजे कुठे बसणार, हा विचार मी केलाच नव्हता. सोमवारी सकाळी मी तोंड धुऊन आलो तर सून खाटेवर. पाठ भिंतीला, मांडीवर पाट, पाटावर लॅपटॉप, उजव्या बाजूला उशी, उशीवर तो गोळीवाला माऊस. उजेड मागून, प्लग शेजारी. डोकं टेकलेलं अगदी त्याच जागी, तेलाच्या डागाला. तिने माझ्याकडे बघून विचारलं, चालेल ना बाबा? जागा दाखवा म्हणाली होती ती. मी मान हलवली आणि सेटीवर जाऊन बसलो.

आता रोज तसंच. ती खाटेवर, मी सेटीवर. सेटीचा मधला दांडा माझ्या कमरेला लागतो, पडलं की टोचतो, बसलं की पाय लोंबतात. कॅमेरा भिंतीकडे झाला, त्यामुळे संडासला मी वाटेल तेव्हा जातो, हा एक फायदा. बाकी सगळं तेच. तोच हॉल, तेच दाबून खोकणं. आधी खिडकी तरी होती, शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची कबुतरं दिसायची. आता समोर बघितलं की खिडकीच्या आधी ती दिसते, खाटेवर भिंतीला टेकून बसलेली एक बाई, आणि दिवसातून कितीतरी वेळा माझ्या छातीत धक्का बसतो. उजेड मागे असला की तोंड दिसत नाही ना. हे कोणाला सांगायचं, आणि सांगून करायचं काय? हात बरा आहे तिचा. पट्टा सुटला, कुकर उजव्या हाताने उघडते. डॉक्टरला असं बसलेलं आवडणार नाही म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरला आपला हॉल दाखव.

मला सकाळी वाटतं संध्याकाळ कधी होते. तिचं काम संपलं की खाट माझी.

परवा तिचं काम लवकर आटपलं. लॅपटॉप मिटला, माऊस उशीवरून काढून टीपॉयवर ठेवला, चादर झटकायला लागली. मी म्हटलं, राहू दे, मी पडतो. ती आत गेली. मी कंबर धरून उठलो, खाटेशी गेलो आणि आडवा झालो.

गादी गरम होती.

बायको गेल्यापासून मी रोज त्या खाटेवर झोपतोय आणि रोज ती थंडच लागते, उन्हाळ्यातसुद्धा. माझ्याच अंगाने मग हळूहळू गरम होते. परवा मी पाठ टेकायच्या आधीच गरम होती, उशीपासून खाली कमरेपर्यंत, जेवढं एक माणूस बसतं तेवढी. मी जास्त हललो नाही. ऊब जाते लगेच.

सुनेने आतून विचारलं, बाबा, भाकरी टाकू का आता. मी म्हटलं, थांब थोडी.